बालकांचे मित्र संत जॉन बॉस्को

परमेश्वराच्या कृपेनें आपल्या धर्मग्रामास पन्नास वर्षें पूर्ण झालीं, आणि हा सुवर्णमहोत्सव पाहण्याचें भाग्य आम्हां सर्वांस लाभलें. मंदिर कसें उभें राहिलें, कोणकोणत्या धर्मगुरूंनीं येथें श्रम केले, याचा वृत्तांत या स्मरणिकेंत अन्यत्र आहेच. आम्हांवर जें काम सोपविण्यांत आलें तें निराळें आहे. रविवारीं मिस्सा आटोपल्यावर मंदिराच्या पडवींत बसून पवित्र शास्त्रांतील वचनें पाठ करणाऱ्या आमच्या मुलांविषयीं चार शब्द लिहावे, अशी व्यवस्थापक मंडळाची इच्छा. विषय लहान दिसतो. परंतु पुढील पन्नास वर्षांचा धर्मग्राम त्या पडवींतच बसलेला आहे.

प्रारंभींच आमचा एक दोष कबूल केला पाहिजे. आमच्या बालपणीं आम्हीं हीं वचनें भीतभीतच पाठ केलीं. अडखळला त्यानें बाकावर उभें राहावें, पुन्हां अडखळला त्यानें हात पुढें करावा, अशी तेव्हांची चाल होती. आमच्यापैकीं पुष्कळांस तीं वचनें आजही मुखोद्गत आहेत, हें खरें. पण आमचा एक सोबती होता. त्याची जीभ जात्याच जड. एका रविवारीं सर्वांदेखत त्याचें हसें झालें, तो जो घरीं गेला तो पुन्हां त्या पडवीची पायरी चढला नाहीं. पुढें आम्ही स्वतः शिकवावयास बसलों तेव्हां छडी गेली होती, परंतु धाक गेला नव्हता. यंदा महोत्सवानिमित्त वचनपाठाची चढाओढ ठेविली असतां एक सात वर्षांची मुलगी दोन ओळी म्हणून थांबली. समोर बसलेल्या आईच्या मुद्रेकडे तिनें पाहिलें आणि तिला रडूं कोसळलें. त्या रात्रीं आम्हांस तो जुना सोबती आठवला, आणि अशाच एका मुलास ज्या संतानें दारांतून परत बोलाविलें, त्याचें चरित्र आम्हीं पुन्हां वाचावयास घेतलें. तेंच येथें संक्षेपानें सांगतों.

जॉन बॉस्को यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजीं इटलीच्या उत्तरेस पीडमॉन्ट प्रांतांत, कास्तेलनुओव्हो गांवाजवळील बेक्की नांवाच्या वाडींत झाला. घर शेतकऱ्याचें व गरिबीचें. जॉन पुरता दोन वर्षांचाही झाला नव्हता तोंच, १८१७ सालीं, वडील फ्रान्सिस निवर्तले. आणि वृद्ध सासू, सावत्र मुलगा अँथनी, व जोसेफ आणि जॉन हे आपले दोन पुत्र, इतक्यांचा भार माता मार्गारेट हिच्यावर पडला. या माउलीस लिहितां वाचतां येत नव्हतें. प्रार्थना, धर्मप्रश्नोत्तरें व शास्त्रांतील कथा तिनें कानानें ऐकून हृदयांत सांठविल्या होत्या, आणि त्याच तिनें मुलांस दिल्या. शेताच्या बांधावर पिकाकडे बोट दाखवून, रात्रीं आकाशांतील नक्षत्रें दाखवून, हीं सर्व ज्यानें निर्माण केलीं त्याची ओळख ती करून देई. डॉन बॉस्को यांनीं पुढें जे अनेक शिक्षक तयार केले, त्यांच्या शिक्षणपद्धतीचा पहिला धडा या निरक्षर मातेच्या मांडीवर झाला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

नवव्या वर्षाच्या सुमारास जॉनला एक स्वप्न पडलें, आणि तें त्याच्या मनांतून जन्मभर गेलें नाहीं. घराजवळच्या विस्तीर्ण अंगणांत पुष्कळ मुलें खेळत आहेत, कांहीं शिव्याशाप देत आहेत, आणि त्यांस गप्प करण्यासाठीं आपण बुक्क्या मारीत त्यांच्यांत शिरलों आहों, असें त्यानें पाहिलें. इतक्यांत एक तेजस्वी पुरुष प्रकट झाला व त्यानें सांगितलें कीं, या मुलांस मारानें नव्हे तर सौम्यतेनें व प्रेमानें आपलेंसें करावयाचें आहे. स्वप्नाचा अर्थ त्या वेळीं जॉनला नीटसा कळला नाहीं. त्याचा स्वभाव मुळांत तापट होता. पुढें चिएरी येथें शिकत असतां लुइजी कोमोल्लो नांवाच्या त्याच्या शांत मित्रास कांहीं दांडग्या मुलांनीं मारलें, तेव्हां जॉननें जवळच्या एका मुलास खांद्यांस धरून उचललें आणि त्याचाच सोटा करून इतरांस झोडपलें. ज्याच्यासाठीं हें केलें त्या कोमोल्लोनेंच नंतर त्याची कानउघाडणी केली. सौम्यता ही या संतास जन्मतः मिळालेली नव्हती, ती त्यानें कष्टानें कमाविली. ज्या आम्हां शिक्षकांस लवकर राग येतो, त्यांस यांत मोठा दिलासा आहे.

मुलांस धर्माकडे ओढून आणण्याची त्याची युक्ति तेव्हांपासूनच दिसूं लागली. जत्रेंतील डोंबाऱ्यांचे खेळ पाहून तो ते खेळ शिकला. दोन झाडांमध्यें दोर बांधून त्यावरून चालणें, कोलांट्या मारणें, हातचलाखी करणें, हें सर्व पाहावयास गांवचीं मुलें व मोठीं माणसेंही जमत. खेळाचें मोल एकच असे: प्रथम पवित्र मरियेची जपमाळ म्हणावयाची, आणि रविवारच्या मिस्सांतील उपदेश जॉन सांगेल तो ऐकावयाचा. उपदेश ऐकून तो जसाच्या तसा सांगण्याची त्याची शक्ति विलक्षण होती.

या शक्तीमुळेंच त्याला पहिला गुरु भेटला. १८२९ च्या नोव्हेंबरांत बुत्तिल्येरा येथील धर्मप्रवचनें ऐकून लोक घरीं परतत होते. त्यांत डॉन कालोस्सो नांवाचे एक वृद्ध धर्मगुरु होते. येथें हें सांगितलें पाहिजे कीं, इटलींत डॉन हें धर्मगुरूंच्या नांवामागें लावण्याचें आदराचें पद आहे. त्यांनीं या अनवाणी पोरास थट्टेनें विचारलें कीं, आजच्या प्रवचनांतील चार शब्द सांगशील तर चार सोल्दी देईन. जॉननें चार शब्दांऐवजीं सारें प्रवचन मुद्द्यांसह म्हणून दाखविलें. वृद्ध गुरूंचे डोळे भरून आले, आणि त्यांनीं त्याला लॅटिन शिकविण्याचें पत्करलें. पाठांतर आवडणाऱ्या मुलास एका वडील माणसानें प्रेमानें विचारलें, एवढ्यावरून एका संताच्या शिक्षणास आरंभ झाला. दुर्दैवानें कालोस्सो एकाच वर्षानें वारले, आणि जॉनला पुन्हां हालअपेष्टा सोसून, कधीं शिंप्याच्या घरीं तर कधीं उपाहारगृहांत काम करून शिक्षण पुरें करावें लागलें. ५ जून १८४१ रोजीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. नंतर संत जोसेफ काफास्सो यांच्या मार्गदर्शनाखालीं ते तुरीन शहरांत राहिले. तेथील तुरुंगांत बारा ते अठरा वर्षांचीं मुलें पाहून त्यांचें अंतःकरण हेलावलें. बाहेर कोणी मित्र असता तर हीं मुलें येथें आलीं असतीं काय, हा प्रश्न त्यांस सोडीना.

त्या प्रश्नाचें उत्तर ८ डिसेंबर १८४१ रोजीं, पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाच्या दिवशीं, मिळालें. असिसीच्या संत फ्रान्सिसाच्या मंदिरांत डॉन बॉस्को मिस्सासाठीं वस्त्रें घालीत होते. कोपऱ्यांत एक पोर उभा होता. मंदिराच्या सेवकानें त्यास मिस्साला सेवा करावयास सांगितलें, आणि आपणांस तें येत नाहीं असें तो म्हणतांच त्यानें त्यास झाडण्याच्या काठीनें बदडून पळवून लाविलें. डॉन बॉस्को यांनीं तो आपला मित्र आहे असें सांगून त्यास परत बोलावून आणविलें, आणि मिस्सा झाल्यावर जवळ बसवून घेतलें. त्याचें नांव बार्तोलोमेओ गारेल्ली. वय सोळा वर्षांचें, काम गवंड्याचें, आईबाप दोन्ही नाहींत, लिहितां वाचतां येत नाहीं. शिट्टी तरी वाजवितां येते काय, असें त्यांनीं विचारलें तेव्हां त्याच्या मुद्रेवर प्रथम हंसूं आलें, असें सांगतात. धर्मवर्गास कां जात नाहींस, या प्रश्नाचें त्यानें जें उत्तर दिलें तें प्रत्येक धर्मशिक्षकानें ध्यानांत धरण्याजोगें आहे. लहान लहान मुलांस तें सर्व येतें, आणि आपण एवढे थोर असून आपणांस कांहींच येत नाहीं, म्हणून तेथें जाण्याची लाज वाटते, असें तो म्हणाला.

हें ऐकून डॉन बॉस्को यांनीं त्यास पुढच्या आठवड्यावर ढकललें नाहीं. एकांतांत, त्याला लाजविणारें कोणी नसतां, त्याच ठिकाणीं शिकविण्यास आरंभ केला. आधीं एक नमो मरिया म्हटली. मग क्रुसाची खूण शिकविली, परमेश्वरानें आपणांस कां निर्माण केलें तें सांगितलें, आणि त्या दिवशीं तेवढ्यावरच थांबले. डॉन बॉस्को यांनीं आपल्या आठवणींत लिहून ठेविलें आहे कीं, गारेल्लीची स्मरणशक्ति मंद होती, तरी नियमानें येऊन व लक्ष देऊन त्यानें थोड्याच रविवारांत पापनिवेदनास व ख्रिस्तशरीर स्वीकारण्यास आवश्यक तें सर्व आत्मसात केलें. पुढच्या खेपेस तो एकटा आला नाहीं, बरोबर सोबती घेऊन आला. पुढें पृथ्वीच्या पांचही खंडांत पसरलेल्या कार्याचें मूळ म्हणून हाच प्रसंग सांगितला जातो.

मुलांचा हा मेळा वाढत गेला, पण त्यास जागा मिळेना. आज एका मंदिराचें आवार, उद्यां गिरणीजवळची मोकळी जागा, परवां एखादें शेत, अशी भटकंती झाली. अखेर १२ एप्रिल १८४६ रोजीं, पुनरुत्थानाच्या रविवारीं, व्हाल्दोक्को भागांतील पिनार्दी नांवाच्या गृहस्थाची एक ठेंगणी पडवी त्यांस मिळाली. त्याच उन्हाळ्यांत अतिश्रमानें डॉन बॉस्को मरणोन्मुख झाले. गवंडीकाम करणाऱ्या मुलांनीं त्यांच्यासाठीं उपवास व प्रार्थना केल्या, आणि ते बरे झाले. नोव्हेंबरांत ते परतले तेव्हां माता मार्गारेट आपलें घरदार सोडून त्यांच्याबरोबर आली, आणि १८५६ सालीं मृत्यु येईपर्यंत त्या अनाथ मुलांची आई होऊन राहिली.

त्या पडवींत पाठ कसा चाले, हें आम्हांस विशेष सांगावयाचें आहे. हीं मुलें दिवसभर वीटचुना वाहणारीं. आठवडाभर त्यांस पुस्तकास हात लावण्यास वेळ नसे, आणि एका रविवारीं शिकलेलें दुसऱ्या रविवारपर्यंत विसरत असे. डॉन बॉस्को यांनीं यावर रागावण्याऐवजीं पाठच लहान केला. पहिल्या एक दोन रविवारीं अक्षरें व बाराखडी जुळवून घेतली. मग धर्मप्रश्नोत्तराचें छोटें पुस्तक घेऊन पहिले एक दोन प्रश्न तेवढे वाचून घेतले, आणि आठवडाभराचा अभ्यास म्हणून तेच दिले. पुढच्या रविवारीं आधीं तेच पुन्हां, आणि मग त्यांत एक दोन नव्यांची भर. अशा रीतीनें आठ रविवारांत कांहीं मुलें पानेंच्या पानें स्वतः वाचूं व शिकूं लागलीं. थोडें द्यावें, तेंच पुन्हां घ्यावें, आणि आलेल्यावर नवें चढवावें, हीच ती रीति. मुलास प्रत्येक रविवारीं आपणांस कांहींतरी आलें असें वाटे, आणि तेंच त्याचें बक्षीस होई.

शास्त्रकथांसाठीं योग्य पुस्तक मिळेना, म्हणून डॉन बॉस्को यांनीं स्वतःच लेखणी उचलली. १८४७ सालीं त्यांनीं शाळांसाठीं लिहिलेला पवित्र इतिहास प्रसिद्ध झाला. तो लिहिण्यापूर्वीं त्यांनीं शास्त्रांतील मुख्य प्रसंग निरनिराळ्या इयत्तांच्या मुलांस एकेक करून सांगितले, आणि कोणती गोष्ट त्यांच्या मनास भिडते, मागाहून तिचा काय परिणाम राहतो, हें बारकाईनें टिपून घेतलें. मूल चुकतें तेव्हां आम्ही मुलास तपासतों. डॉन बॉस्को यांनीं प्रथम आपलें पुस्तक व आपली भाषा तपासली. या मुलांची शास्त्रकथांची व पवित्र भूमीच्या भूगोलाची जाहीर परीक्षा झाली तेव्हां इटलींतील शिशुशाळांचे प्रवर्तक फेरान्ते आपोर्ती यांच्यासारख्या विद्वानांनीं तिची वाहवा केली. म्हणजे लोकांपुढें पाठ म्हणविण्यास डॉन बॉस्को यांचा विरोध नव्हता. मूल तयार झाल्यावर व आनंदानें उभें राहिल्यावर तो प्रसंग त्याच्या गौरवाचा व्हावा, एवढीच त्यांची काळजी असे.

त्यांच्या शिष्यांत संत डॉमिनिक साव्हिओ याचें नांव सर्वांस ठाऊक आहे. १८५४ च्या ऑक्टोबरांत हा बारा वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर त्यांस भेटावयास आला. डॉन बॉस्को यांनीं आपल्या मासिक पुस्तिकेचें एक पान दाखवून तें दुसऱ्या दिवशीं म्हणून दाखविण्यास सांगितलें, मुलास खेळावयास पाठविलें, आणि ते वडिलांशीं बोलत बसले. आठ मिनिटें झालीं नाहींत तोंच डॉमिनिक हंसत परत आला, आणि त्यानें सारें पान म्हणून दाखविलें. डॉन बॉस्को तेवढ्यावर संतुष्ट झाले नाहींत. त्यांनीं अर्थ विचारला, आणि तोही त्यास बरोबर सांगतां आला. अशा तल्लख मुलास शिक्षक अधिकच ताणतात. परंतु पुढें पवित्र होण्याच्या ध्यासानें हा मुलगा खेळ सोडून गंभीर राहूं लागला, थंडींत पुरेसें पांघरूण न घेतां निजूं लागला, तेव्हां डॉन बॉस्को यांनीं त्यास अडविलें. आनंदी राहा, अभ्यास नीट कर, सोबत्यांबरोबर खेळ, हीच तुझी तपश्चर्या, असा त्यांचा आदेश होता. मंद गारेल्लीस जो धीर मिळाला तोच हुशार डॉमिनिकासही मिळाला; एकास चालविण्यासाठीं, दुसऱ्यास आवरण्यासाठीं. डॉमिनिक १८५७ सालीं पंधरा वर्षांचा होण्यापूर्वींच देवाघरीं गेला, आणि १९५४ सालीं ख्रिस्तसभेनें त्यास संतपद दिलें.

आपल्या अनुभवाचें सार डॉन बॉस्को यांनीं १८७७ सालीं एका छोट्या निबंधांत मांडलें. नियम सांगून ठेवावयाचा आणि मोडणाऱ्यास शिक्षा करावयाची, ही एक पद्धति. मुलांच्या सतत जवळ राहून, पित्याप्रमाणें समजावून, चूक होण्यापूर्वींच हात द्यावयाचा, ही दुसरी; आणि ही त्यांची. विवेक, धर्म व वात्सल्य हे तिचे तीन आधार. मारणें, कष्टदायक रीतीनें गुडघे टेकावयास लावणें, कान पिळणें, हें सर्व त्यांनीं वर्ज्य ठरविलें. इतकेंच नव्हे, तर पापनिवेदन व ख्रिस्तशरीर यांसारख्या पवित्र संस्कारांचीही मुलांवर सक्ति करूं नये, केवळ उत्तेजन द्यावें, असें त्यांनीं सांगितलें. संस्कारांच्या बाबतींत जें खरें, तें शास्त्रवचनांच्या बाबतींत खोटें कसें असेल? ही पद्धति मुलांस सोपी पण शिक्षकास कठीण आहे, हेंही त्यांनीं लपविलें नाहीं. दटावण्यास एक क्षण पुरतो. जवळ बसण्यास सारा रविवार द्यावा लागतो. १८८४ च्या मे महिन्यांत त्यांनीं रोमहून आपल्या सोबत्यांस जें पत्र पाठविलें, त्यांत तर त्यांनीं आपल्याच घराचा दोष दाखविला. शिक्षक मुलांवर प्रेम करितात, पण मुलांस तें जाणवत नाहीं. शिक्षक खेळाच्या वेळीं मुलांत मिसळत नाहींत, म्हणून मनें दुरावलीं आहेत. प्रेम करणें पुरेसें नसून आपणांवर प्रेम आहे हें मुलास कळलें पाहिजे, असा त्याचा आशय आहे.

३१ जानेवारी १८८८ रोजीं तुरीन येथें या थोर पुरुषानें देह ठेविला. पोप पायस अकरावे यांनीं १ एप्रिल १९३४ रोजीं, पुनरुत्थानाच्या रविवारींच, त्यांस संत म्हणून घोषित केलें. त्यांनीं स्थापिलेल्या सालेशियन संघाचे धर्मगुरु १९०६ सालीं तंजावर येथें आले, आणि पुढें मुंबईंतही त्यांचें कार्य वाढलें. माटुंग्यास त्यांच्या नांवाची शाळा आमच्यापैकीं कित्येकांनीं पाहिली आहे.

आपल्या भूमीसही ही वाट नवी नाहीं. १५४२ सालीं गोव्यास आलेले संत फ्रान्सिस झेव्हियर हातांत घंटा घेऊन रस्त्यांतून मुलांस हांक मारीत, व मंदिरांत नेऊन त्यांस धर्माचे पाठ शिकवीत. फादर स्टीफन्स यांनीं तर १६१६ सालीं राशोल येथें छापलेल्या क्रिस्तपुराणांत शास्त्रकथा मराठी ओंवींत गुंफून लोकांच्या कानांस गोड केली.

मातापित्यांस व धर्मशिक्षकांस आमची नम्र विनंति आहे. वचन पाठ करून घ्यावें. तें सोडून देण्यास या संतानें कोठेंही सांगितलेलें नाहीं, कारण बालपणीं हृदयांत सांठविलेलें वचन म्हातारपणीं दुखण्याच्या खाटेवर सोबत करितें. परंतु तें थोडथोडें द्यावें, आधीं त्याची कथा सांगावी, अडलें तेथें शब्द पुरवावा, आणि शेजारच्या मुलाशीं तुलना करूं नये. मुख्य म्हणजे, घरीं आईबापांनीं तेंच वचन मुलाबरोबर स्वतः म्हणावें.

त्या सात वर्षांच्या मुलीच्या घरीं आम्ही मागाहून गेलों. वचन विचारलें नाहीं. हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांग, एवढेंच म्हटलें. ती तिनें हातवारे करून सांगितली, आणि शेवटीं आपण होऊनच वचन म्हटलें. एक शब्द चुकला. तो आम्हीं त्या दिवशीं तसाच राहूं दिला. तिच्या आईचेही डोळे पाणावले. आमचा जुना सोबती मात्र आतां या जगांत नाहीं. संत जॉन बॉस्को यांच्या मध्यस्थीनें परमेश्वर त्यास चिरशांति देवो, आणि आमच्या पडवींतून यापुढें एकही मूल लाजेनें खालीं मान घालून घरीं न जावो, हीच या महोत्सवाच्या दिवशीं आमची प्रार्थना.